बारा शिलिंगांचा डबा

माझ्या सासऱ्यांकडे एकशे चव्वेचाळीस इंग्रजी पेन्या होत्या. हा आकडा मी स्वतः दोनदा मोजलेला आहे, म्हणून खात्रीने सांगतो. जुन्या इंग्रजी हिशेबात बारा पेन्यांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे सासऱ्यांची ठेव बरोबर बारा शिलिंगांची. ती बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात होती आणि तो डबा भांडुपच्या त्यांच्या खोलीत पलंगाखाली होता.

पेनी म्हणजे पैसा असं ज्यांना वाटतं त्यांनी ती हातात घेऊन पाहावी. आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाएवढी रुंद, पण तांब्यासारखी लालसर काळी. एका बाजूला राजा किंवा राणी. दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण घातलेली, हातात त्रिशूळ धरून बसलेली एक बाई. खिशात चार टाकल्या तर सदरा एका बाजूला लोंबतो.

सासरे बोटीवर खलाशी होते. तीसेक वर्षं त्यांनी मालवाहू बोटींवर काढली. पगार इकडे घरी यायचा आणि परदेशच्या बंदरात फक्त थोडा हातखर्च मिळायचा. त्यातून इतर खलाशी चहा पीत, सिगारेटी घेत, सिनेमा पाहत. सासरे त्यातल्या पेन्या बाजूला टाकत. ते मालवणचे. म्हणायचे, "पगार घराचो. ह्यो डबो माझो." डबा भरला की तो तिकडेच बदलून बायकोसाठी काहीतरी चांगलं आणायचं असा त्यांचा बेत होता. पण डबा भरता भरता इंग्रजांनी आपली नाणीच बदलली. पौंडाच्या शंभर नव्या पेन्या झाल्या आणि या मोठ्या पेन्या बंद पडल्या. तेव्हा सासऱ्यांची बोट दुसऱ्याच बाजूला होती. पुढे गुडघ्याने दगा दिला, ते कायमचे घरी आले आणि डबा बंद पडलेल्या नाण्यांसकट पलंगाखाली गेला.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी तो मला दाखवला, तेव्हा मी तिथेच हिशेब केला. बारा शिलिंग म्हणजे नव्या साठ पेन्या. त्या वेळी पौंडाचे आपले अठरा रुपये होत. "वेळेवर बदलल्या असत्या तर दहा रुपये ऐंशी पैसे आले असते," मी म्हणालो.

बायकोने मला कोपराने ढोसलं. सासऱ्यांनी एक पेनी उचलून उलटून पाहिली.

"दहा रुपये ऐंशी? माका वाटला, जास्त होतील."

"होतील कसे," सासूबाई आतून म्हणाल्या. "तीस वर्सां बोटीर आणि आणल्यान काय, तर भालेवाली बाई. एक न्हय, एकशे चव्वेचाळीस."

"भालो न्हय गो तो. त्रिशूळ आसा."

"मगे ठेवा देवाऱ्यात."

आम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. सासरे पहिल्या मजल्यावर, तळमजल्यावर एका कच्छी शेठचं किराणा दुकान. मी मुलुंडच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात होतो. आकडे जुळले की मला बरं वाटतं, त्याला कोणी हसलं तरी चालतं. माझी बायको तेव्हाही हसायची.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या मधल्या कुठल्यातरी वर्षाची. दसऱ्याच्या आधी घर झाडायला काढलं आणि सासूबाईंनी तो डबा पलंगाखालून ओढून दारात आणून ठेवला. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर यायचं. त्यांच्या बादल्या, घागरी, पातेली सगळी भरूनही ते संध्याकाळी पुरत नसे. त्यांना एक मोठं स्टीलचं पिंप हवं होतं, तोटी असलेलं. स्टेशनजवळच्या भांडीवाल्याकडे त्याची किंमत शहाण्णव रुपये होती. आणि त्या त्याला मोडीचा भावही विचारून आल्या होत्या.

"शुद्ध तांब्याक जास्त देता, पण असल्या नाण्यांत म्हणे कथील असता. चोवीस रुपये किलो. धनत्रयोदशीक जातंय मी. डबोय जातलो."

सासऱ्यांनी डब्याचं झाकण नीट बसवलं. आपण चुकीच्या बाजूला आहोत हे त्यांना कळत होतं. पाणी हवंच होतं. मी जिना चढत होतो, तर ते मागून आले, गुडघा सांभाळत. अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाले, "जावयबापू, तुमी हिशेबवाले. कायतरी करा. तिचा म्हणणा एवढाच, की जे चलना नाय ते घरात कित्याक. ता काय खोटा न्हय. पण वितळवतले हो ते." मग जरा थांबून, "आणि करश्यात ता सरळ करा. फसवणूक नको."

मी हो म्हणालो. कसं करणार ते मला माहीत नव्हतं.

त्या दिवसांत सुट्ट्या पैशांची भयंकर टंचाई होती. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना खरं वाटणार नाही, पण दहा पैसे, चार आणे हातात पडणं मुश्कील झालं होतं. दुकानदार चिल्लर नाही म्हणून गोळ्या द्यायचे, काडेपेटी द्यायचे, एकाने तर मला हिरवी मिरची दिली होती. मी घरखर्च लिहितो. सप्टेंबर महिन्यात आम्ही तीन रुपये पंच्याहत्तर पैशांच्या गोळ्या न मागता विकत घेतल्या होत्या. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, तिचे दात चांगले होते आणि ते तसेच राहावेत असं माझं मत होतं.

दुसऱ्या दिवशी मी साबण आणायला खाली गेलो. शेठने नोट घेतली, गल्ला उघडला, बंद केला आणि बरणीत हात घातला.

"सुट्टा नाय हाय साहेब. गोळी घ्या."

"शेठ, एक विचारू? उद्या मी या गोळ्या घेऊन आलो आणि साबण मागितला, तर द्याल?"

"गोळ्यावर साबण? काय साहेब मस्करी करता!"

"मग हे सुट्टे कसले? तुम्ही देणार ते मी घ्यायचं, आणि मी दिलं तर तुम्ही घेणार नाही."

शेठ हसला. मागे उभी असलेली मासेवाली कोळीण म्हणाली, "खरं बोलतो तो. माज्या कनवटीला गोल्या वितललंय, लुगरं चिकाट झालं."

"तर मी काय करू?" शेठ म्हणाला. "मी चिल्लर बनवू काय?"

मी साबण तिथेच ठेवला आणि सरळ पहिल्या मजल्यावर गेलो. डबा अजून दारातच होता.

तो उचलून खाली आणला तेव्हा सासरेही एकेक पायरी उतरत मागोमाग आले. शेठच्या तराजूत आम्ही सगळ्या पेन्या घातल्या. एक किलो तीनशे साठ ग्रॅम भरल्या. मी पिशवीच्या कागदावर हिशेब मांडला. चोवीसने गुणलं तर मोडीत बत्तीस रुपये चौसष्ट पैसे. भागिले एकशे चव्वेचाळीस, म्हणजे एका पेनीचे बावीस पैशांहून थोडे जास्त, तेवीस धरा.

"आता ऐका," मी शेठला म्हणालो. "ही एक पेनी म्हणजे तुमच्या दुकानात चार आणे. तुम्ही गिऱ्हाइकाला चार आण्यांऐवजी ही द्यायची. गिऱ्हाइकाने परत आणली की चार आण्यांचा माल द्यायचा. कोणी चार आणून दिल्या तर रुपयाची नोट द्यायची."

"आणि हा बाई कोणी चोरून घेऊन गेला तर?" शेठने पेनीवरच्या बाईवर बोट ठेवलं.

"तुम्ही आत्ता बाबांकडे छत्तीस रुपये अनामत ठेवायचे. एकशे चव्वेचाळीसचे चार आण्यांप्रमाणे छत्तीसच होतात. धनत्रयोदशीला जेवढ्या पेन्या तुम्ही परत द्याल तेवढ्यांचे पैसे तुम्हाला परत. ज्या हरवतील त्यांचे बाबांकडे राहतील. हरवलेल्या पेनीचे चार आणे गिऱ्हाइकाकडून तुमच्या गल्ल्यात आलेलेच असतील. तुमचं नुकसान शून्य."

शेठने दोनदा ते मनाशी फिरवून पाहिलं. त्याला त्यात खोट सापडेना, त्यामुळे तो अस्वस्थ झाला. शेवटी त्याने दहाच्या तीन, पाचची एक आणि रुपयाची एक अशा नोटा काढल्या. सासऱ्यांनी त्या कपाळाला लावल्या आणि रिकाम्या डब्यात ठेवल्या.

वर सासूबाईंनी डबा उघडला.

"अगो बाय! त्या चकत्यांचे छत्तीस?"

"अनामत आहे ती, आई," मी म्हणालो.

"म्हणजे आपले न्हय?"

"नाही. धनत्रयोदशीला परत करायचे आणि नाणी परत घ्यायची."

"आणि मगे मी तीच नाणी मोडीत घालतलंय."

"तोपर्यंत ती चालली, चलनात राहिली, तर?"

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. "चलली तर बघू," त्या म्हणाल्या. "पण चलतली खंय? ह्या भांडुपात? इंग्रज पळान गेलो आता खूप वर्सां झाली."

पहिल्या दिवशी शेठच्या हातून तीन पेन्या गेल्या. तिघांनीही ती उलटून-पालटून पाहिली, दातांखाली धरून पाहिली आणि शेठला विचारलं, "परत घेणार ना?" शेठने दुकानातल्या देवाच्या तसबिरीकडे हात करून शपथ घेतली. त्या तिन्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आल्या. लोकांना फक्त खरं आहे की नाही ते पाहायचं होतं. शेठने तिघांनाही मुकाट माल दिला. त्यानंतर मात्र गाडी सुटली.

आठवडाभरात आमच्या आणि बाजूच्या दोन इमारतींत पेनीला 'राणी' हे नाव पडलं, राजाचं तोंड असलं तरी. "दोन राण्या दे गं, उद्या देते." "राणीची कोथिंबीर आण, आणि बघून आण." इस्त्रीवाला राणी घेऊ लागला, कारण तो चहा-साखर शेठकडूनच नेत असे. मग दूधवाला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रोज एकच विनोद करत की आमच्या घरात एकच राणी आहे आणि तिचाच खर्च झेपत नाही. त्यांची बायको आतून म्हणायची, "मग जाऊन शेठकडे बदलून आणा, चार आणे तरी येतील."

फक्त कोळीण ऐकेना. ती वेसाव्याहून थेट आमच्या गल्लीपर्यंत टोपली घेऊन यायची आणि रोख व्यवहारात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सासूबाईंनी बोंबील घेतले आणि चार आणे कमी होते म्हणून मुद्दाम एक पेनी पुढे केली. मी पायरीवर उभा होतो.

"यो कंचा राजा?" कोळणीने डोळे बारीक केले.

"इंग्लंडचो."

"ह्याची टकली बग. यो काय देनार मना? माज्या दर्यात यानं बोटी आनल्या आनि परत नेल्या."

"अगो, शेठ घेता चार आण्याक."

"शेठ घेतो? मंग ही बाय कोन, तिरशूल घेऊन बसलंय ती?"

"तुझीच भैण. बग कशी तोऱ्यात बसली हा."

कोळीण मोठ्याने हसली आणि पेनी घेतली. जाताना शेठकडून तिने आपली साखर घेतली आणि पेनी तशीच कनवटीला ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की ती त्रिशूळवाली आता तिच्याजवळच राहणार, धंदा बरा झाला.

माझ्या लक्षात आलं ते एवढंच की सासूबाई कोळणीशी भांडून पेनी खपवत होत्या. 

सासऱ्यांचे दिवस तर फार मजेत चालले होते. ते दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून बसत आणि ज्याच्या हाती पेनी पडे त्याला ती कुठली ते सांगत. "ही बघ, ही झिजलेली. हिच्यार म्हातारी राणी आसा. ही माका कार्डिफाक गावली, कोळशाच्या बंदरात. आणि ह्यो राजा तोतरो होतो, पण माणूस बरो." नाणं कोणत्या बंदरातलं हे त्यांना खरंच आठवत होतं की ते तिथल्या तिथे रचत होते, हे मला ठरवता आलं नाही. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर बसून पेन्यांच्या चळती लावायची आणि बाराची एक चळत झाली की "शिलिंग!" म्हणून ओरडायची. तिला बाराचा पाढा शाळेत जाण्याआधी येत होता. मला त्याचं फार कौतुक होतं आणि अजून आहे.

दिवाळी जवळ आली तशी सासूबाईंनी चकलीची भाजणी करायला घेतली. भाजणीत त्यांचा हात धरणारी बाई आमच्या वस्तीत नव्हती. इतकी वर्षं त्या घरापुरती करायच्या आणि शेजारी वाटीवाटीने द्यायच्या. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं, आमच्यासाठी किलोभर करून द्या, पैसे घ्या. आधी त्या नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "देतंय. पण वरचे पैशे राणीत देवचे."

"राणीत कशाला?" माझ्या बायकोने विचारलं. "आई, नोटा घे ना."

"नोट काय, दुपारी घेतली, सांजेक गेली. ह्या जड असतत. हातातसून सुटत नाय."

घरभर धणे-जिऱ्याचा वास आणि जातं फिरल्यासारखी बायकांची ये-जा. नोटा त्या देवघराच्या खणात ठेवत आणि पेन्या कुठे ठेवत ते कोणाला दिसत नसे.

आणि मग एक भलतंच झालं. धनत्रयोदशी दोन दिवसांवर आली आणि शेठकडे पेन्या कमी पडू लागल्या. त्याने गल्ला पालथा केला, बरण्यांच्या मागे पाहिलं, सगळ्या मिळून साठ भरल्या. बाकीच्या चौऱ्याऐंशी बाहेर होत्या. दिवाळीची गर्दी, हातात दुसरे सुट्टे नाहीत, त्यामुळे लोक त्या खर्च करत असतील असं मला वाटलं होतं. पण दुकानात त्या येतच नव्हत्या. त्या साठ परत करायला बाजूला ठेवून शेठ पुन्हा गोळ्यांच्या बरणीकडे वळला.

सासरे स्टुलावर बसेनासे झाले. मी संध्याकाळी गेलो, तर ते पलंगावर डबा मांडीवर घेऊन बसले होते. आत छत्तीस रुपयांच्या नोटा.

"मोडीतसून वाचवल्यात, जावयबापू," ते म्हणाले. "पण आता त्या माझ्याय नाय आणि तिच्याय नाय. लोकांच्या झाल्या." आणि मग एकदम हसले. "चलल्या मात्र. कायय म्हणा. भांडुपात चलल्या."

हसले खरे, पण डब्याचं झाकण त्यांनी लावलं नाही. मी घरोघर विचारून यायचं ठरवलं. सहा घरं फिरलो. कुणाकडेच एकही नव्हती. सगळ्यांनी एकच सांगितलं, भाजणीच्या पैशांत दिल्या.

धनत्रयोदशीला सकाळी सासूबाई जरीकाठी लुगडं नेसून आमच्या दारात आल्या. "माज्यावांगडा चला. पिंप आणूक दोन हात होये."

त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. तिचा खालचा कोपरा ताणलेला होता आणि चालताना आतून आवाज येत होता. तो आवाज मी ओळखला. बाहेर पडताना सासऱ्यांनीही ओळखला असावा, कारण त्यांनी पेपर वर केला आणि तोंडासमोर धरला.

 त्या पेन्या त्यांनी भाजून-दळून कमावलेल्या होत्या. त्या काय करायच्या हे त्यांनी ठरवायचं.

भांडीवाल्याच्या दुकानात गर्दी होती. पिंप बाहेरच मांडलेलं होतं, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. सासूबाईंनी देवघरातल्या नोटा मोजून दिल्या. अठ्ठ्याहत्तर झाल्या. अठरा कमी पडले.

"अठरा मोडीत घ्या," त्या म्हणाल्या आणि पिशवी तराजूत उपडी केली. पेन्या खळखळत पडल्या. त्यांनी त्या चिंचेने घासल्या होत्या. लालभडक दिसत होत्या, आताच पाडल्यासारख्या.

"सातशे पासष्ट ग्रॅम," भांडीवाला म्हणाला. "अठरा रुपये छत्तीस पैसे. वरचे छत्तीस पैसे सुट्टे नाहीत, चमचा घ्या. पिंप बांधू?"

झालं असतं. तिथल्या तिथे झालं असतं. सासूबाई तराजूकडे बघत राहिल्या. पेन्यांच्या ढिगाऱ्यावर दहा-बारा त्रिशूळवाल्या बाया सरळ बसलेल्या होत्या.

"जावयबापू, किती आसत ह्या?"

"एक्याऐंशी," मी म्हणालो. वजनावरून मी ते मनात काढलं होतं.

"शेठ एकाक चार आणे देता. मगे एक्याऐंशीचे किती?"

"वीस रुपये पंचवीस पैसे."

"म्हणजे हय घातलंय तर..."

"एक रुपया एकोणनव्वद पैसे कमी मिळतात."

"बघ रे," त्या भांडीवाल्याला म्हणाल्या, "एक रुपाया एकोणनव्वद पैशे काय रस्त्यार पडलेले आसत?" आणि त्यांनी दोन्ही हातांनी पेन्या पिशवीत परत भरायला घेतल्या.

"मावशी, पण हे तांबंच आहे ना!"

"तांबा तुका. आमच्यात ते पैशे आसत. पैशे कोण वितळवता? पिंप बाजूक ठेव, मी येतंय."

परत येताना त्या माझ्यापुढे चालत होत्या. मला वाटतं, एक रुपया एकोणनव्वद पैशांसाठी कुणी एवढं तरातरा चालत नाही.

घरी शेठ आधीच साठ पेन्या घेऊन येऊन बसला होता. सासऱ्यांनी त्याला दहाची आणि पाचची अशा पंधरा रुपयांच्या नोटा दिल्या. साठ पेन्या डब्यात पडल्या. डब्यात आता दहाच्या दोन आणि रुपयाची एक नोट राहिली. सासूबाई समोर पाटावर बसल्या आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"माझ्याकडे एक्याऐंशी आसत. घेतल्यात तर चार आण्यांनी. वीस रुपये पंचवीस पैशे."

सासरे बघतच राहिले. "माझ्याच पेन्या माका इकतस?"

"तुमच्या खंय? मी भाजणी दिलंय त्यांची. शेठ घेता त्या भावात घेवा, नायतर शेठ बसलोच आसा."

शेठने घाईने हात हलवला. "मी नाय, मी नाय. माझा हिशेब संपला."

सासऱ्यांनी दहाच्या दोन नोटा मोजून पुढे केल्या. मग रुपयाची नोट. "ह्यातसून पंचवीस घे, पंच्याहत्तर परत दी."

"माझ्याकडे सुट्टे नाय."

"मगे?"

सासूबाईंनी रुपयाची नोट परत केली. ऐंशी पेन्या त्यांनी डब्यात ओतल्या, एक ठेवून घेतली आणि पदराच्या टोकात गाठ मारून बांधली. "हिशेब बरोबर?" त्यांनी मला विचारलं.

मी तपासला. डब्यात एकशे चाळीस पेन्या. सासूबाईंच्या पदरात एक. बाहेर तीन, त्यातली एक कोळणीच्या कनवटीला, दोन अजून सापडलेल्या नाहीत. बाहेरच्या तिघींचे पंच्याहत्तर पैसे आणि पदरातल्या एकीचे पंचवीस मिळून तो डब्यातला एक रुपया. सगळं पैशापर्यंत जुळत होतं. मी तसं सांगितलं, तर बायको हसायला लागली आणि थांबेचना.

अठ्ठ्याहत्तर आणि वीस अठ्ठ्याण्णव. दुपारी मी आणि शेठने मिळून पिंप आणलं. दोन रुपये उरले त्यांची सासूबाईंनी लक्ष्मीपूजनासाठी नवी केरसुणी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं तेव्हा पिंप काठोकाठ भरलं आणि सासरे उगाचच तोटी उघडून बंद करून बघत राहिले.

लक्ष्मीपूजनाला आम्ही सगळे खाली जमलो. तबकात हळद-कुंकू, लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी आणि पैसे. सासऱ्यांनी डबा आणून पाटाजवळ ठेवला. सासूबाईंनी पदराची गाठ सोडली, पेनी काढली, बाईची बाजू वर करून तबकात ठेवली आणि तिला कुंकू लावलं. पूजा झाली, मुलीला बत्तासे मिळाले, फटाके सुरू झाले. नंतर सासरे डबा उचलून पलंगाखाली सरकवायला निघाले आणि सवयीने मोजायला लागले.

"गो, ही तबकातली ह्यात घालतंय. चार कमी आसत, तीनच रवतले."

"ही कमी नाय," सासूबाई म्हणाल्या आणि पेनी उचलून पुन्हा पदराला बांधली. "ती माझी. ह्या डब्यातसून तुमका माझ्यासाठी जा आणूचा होता, ता ह्याच."